तारेच्या आतलं गवत

या मित्रांनो, जवळ या. बाहेर ऊन तापलं आहे आणि माझ्या पोटात सावली आहे. खाली बघून बसा, कोकरांनी लेंड्या टाकल्या असतील. त्यांना घाण मानू नका, मी मानत नाही. इतक्या बंदरांचं पाणी बघून आलो, पण या लेंड्यांच्या वासाइतका प्रामाणिक वास मला कुठं आला नाही. बसलात? मग ऐका. एक गोष्ट सांगतो. समुद्रावर सुरू झालेली आणि समुद्र कधीच न बघितलेल्या माणसाच्या मुठीत येऊन अडकलेली.

मी एक जुना कंटेनर आहे.

कीर्तनात बुवा आधी पूर्वरंग लावतात आणि मग आख्यानाला हात घालतात, तसं मीही आधी समुद्राचं सांगेन आणि मग गवताचं. समुद्राचं ऐकताना तुम्हाला मौज वाटेल. गवताचं ऐकताना राग येईल. यायलाच हवा. मला अजून येतो. दुपारी माझा पत्रा तापतो तो नुसत्या उन्हानं नव्हे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. घड्या घातलेला पोलादी पत्रा उभा केला, खाली लाकडी फळ्यांची जमीन बसवली, दाराच्या कडेनं काळं रबर लावलं की आत थेंब जाऊ नये. चारी कोपऱ्यांना भोकं ठेवली. क्रेन तिथं पकडून मला उचलायची. मग विटकरी रंग दिला आणि पाठीवर नंबर टाकला. नाव मिळालं नाही.

माझ्या आधी जहाजावर माल कसा चढायचा ठाऊक आहे? माणसाच्या पाठीवरून. पोतं पोतं करून. जहाज धक्क्याला लागलं की दिवसच्या दिवस उभं राहायचं. आम्ही आलो आणि सगळंच बदललं. एकदा माल भरून दार लावलं की तोच डबा लॉरीवर, तोच रेल्वेवर, तोच जहाजावर. मधे कुणी उघडायला नको की उतरवायला नको. लोक म्हणाले, काय हुशारी! मलाही तेव्हा अभिमान वाटायचा.

आता बंदराचं. बंदर म्हणजे समुद्राचं एसटी स्टँड समजा. जिथं गाडी लवकर लागते, लवकर सुटते, तिथं प्रवासी जातात. जहाजांचंही तसंच. मी पहिल्यांदा हिंदुस्थानात उतरलो तो मुंबईच्या जुन्या गोदीत. मोठा मान होता तिचा. पण जहाजं दर वर्षी मोठी होत गेली आणि जुन्या गोदीचं पाणी त्यांना पुरेना. शहर चारी बाजूंनी आवळत आलेलं, लॉऱ्यांना वाट मिळेना. खाडीच्या पलीकडं न्हावाशेवा उभं राहिलं. नवं, उंच क्रेनचं, मोकळ्या जागेचं. बघता बघता डबे खाडी ओलांडून गेले. जुन्या गोदीत पाठीवर पोतं वाहणारी टोळकी रिकाम्या हातानं बसून राहिली.

मग न्हावाशेवाच्या दारातही रांगा लागल्या. तोवर गुजरातच्या किनाऱ्यावर खोल पाण्याची नवी बंदरं तयार होत होती. ती म्हणाली, आमच्याकडं या, थांबावं लागणार नाही. पलीकडच्या समुद्रावर चेन्नई म्हणाली, तिकडं कशाला, इकडं या. कुणी दर पाडला, कुणी रेल्वेची गाडी थेट धक्क्यापर्यंत नेली, कुणी आणखी खोल खणलं. काल जिंकलेलं बंदर आज मागं बघायला लागायचं. आणि मित्रांनो, जहाजं तर पाण्यावरून येतात, पण त्यात भरायचा माल कुठून येतो? जमिनीवरून. म्हणून ही बंदरं भांडायची ती नुसती किनाऱ्यावर नाही. आत, खूप आत, जिथल्या माणसांनी भरती-ओहोटी हे शब्दही कधी उच्चारले नाहीत, तिथपर्यंत त्यांचं भांडण पोचायचं.

गुलबर्गा मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या रेल्वेवर, दोन समुद्रांच्या मधे. इथली तूरडाळ, बिदरकडची साखर. हा माल पश्चिमेला न्यायचा की पूर्वेला? ज्याचं अंगण, म्हणजे डबे भरायचं यार्ड, इथं आधी पडेल, त्याच्या समुद्राला माल. म्हणून न्हावाशेवाला माल पोचवणारी एक कंपनी हुमनाबादच्या बाजूला जागा शोधत आली. हमरस्ता होताच. बिदर-गुलबर्गा रेल्वे होणार, होणार असं सगळे म्हणतच होते. साल सत्त्याण्णवच्या आसपासचं.

इथं माझा पूर्वरंग संपला. आता गवत.

दुबलगुंडीच्या पुढं धनगरांची एक लहान वाडी आहे. तुम्ही आत्ता बसला आहात तो हा माळ त्या वाडीचं सामाईक कुरण. भोवती सगळी काळी जमीन. पावसाळ्यात काळ्या चिखलात मेंढरं उभी राहिली की खूर सडतात. त्यांना असा लाल मुरमाड माळच लागतो, पाणी झिरपून जाणारा. इथं पवना आणि मारवेल गवत गुडघ्याएवढं वाढायचं. पावसाळाभर वाडीचा सगळा कळप या एका माळावर जगायचा.

आणि बघा दैव कसं असतं. मला भरून जमिनीवर ठेवायचं तर काळी माती चालत नाही, मी रुततो. मलाही असाच कडक मुरूम लागतो. आसपासच्या शिवारात असा माळ हा एकच होता.

कंपनीचे मॅनेजर साहेब आले ते पहिला कंटेनर म्हणून मला लॉरीवर घालूनच आले. त्यांच्याबरोबर शिवशंकरप्पा होते, गुलबर्ग्याचे डाळमिलवाले. साहेबांना इंग्रजी तेवढं यायचं, हिंदी मोडकीतोडकी. शिवशंकरप्पांना कानडी, मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळं. मिलच्या टप्प्यात यार्ड झालं तर त्यांची डाळ थेट परदेशी जाणार होती, म्हणून दुभाष्याचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं होतं.

वाडीतर्फे बोलणारा होता म्हातारा भीमण्णा. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, आणि गळा असा की बिरोबाच्या ओव्या म्हणायला लागला की रवंथ करणारी मेंढरं थांबायची. खटकचिंचोळीला कीर्तन असलं की हा चालत जायचा आणि येताना बुवाचं सगळं आख्यान वाटेवर मेंढरांना ऐकवायचा. त्याचा मुलगा सिद्धाप्पा मुंबईच्या जुन्या गोदीत पाठीवर पोती वाहून नुकताच घरी परतलेला.

सिद्धाप्पानं मला बघितलं आणि माझ्या पत्र्यावर थाप मारली.

"अप्पा, ओळखा हे कोण ते. आमची आख्खी टोळी ह्येच्या पोटात गेली बगा. ह्येच डब्यानं मला घरी धाडलंय."

त्याची बायको बाणूबाई पदर तोंडाला लावून हसली. "मग ह्येचं उपकारच म्हणायचं. न्हाई तर नवऱ्याचं तोंड मला दिवाळीलाच दिसायचं."

"हस, हस. उद्या ह्योच तुजी मेंढरंबी धाडंल."

भीमण्णा माझ्या सावलीत बसला. शिवशंकरप्पांनी त्याला सगळं समजावलं. कंपनी कुरण लांबच्या मुदतीनं भाड्यानं घेईल, तारेचं कुंपण घालील, वाडीतल्या तरुणांना डबे भरायचं काम देईल.

"आन काम थांबलं तर?" भीमण्णानं विचारलं.

"तर कुरण परत तुमचं. बायकापोरांसकट यिऊन ताब्यात घ्या."

सिद्धाप्पा मधे बोलला. "अप्पा, जहाजाला काय धनी नसतोय. खोल पाणी दिसंल तिकडं जातंय ते. आमाला बी गोदीत म्हणायचे, तुमचं काम पिढ्यान्‌पिढ्या हाय. काय म्हणायलेत ते लिहून घ्या."

"मेंढरू बी गवत दिसंल तिकडं जातंय. म्हणून धनगर शबूद मोडतोय व्हय रं?"

"मोडत न्हाई म्हणूनच सांगायलोय. समदी दुनिया धनगराची न्हाई, अप्पा."

"कागुद उंदरं खात्यात. भंडारा कुणाला खाता येत न्हाई," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली.

मित्रांनो, तुम्ही या भागातले आहात, तुम्हाला सांगायला नको. भंडारा उचलून बोललेला शब्द इथं कुणी मोडत नाही. भाऊ भावाशी भांडला, शेताचा बांध सरकला, मेंढरू चोरीला गेलं, तर थाळीत भंडारा ठेवतात आणि म्हणतात, उचल. खोटा माणूस उचलत नाही. त्याचा हात पुढं येत नाही. भीमण्णानं आयुष्यात दुसरा कागद जाणलाच नव्हता.

त्यानं माझ्या समोर थाळी ठेवली. आधी स्वतः मूठ भरली आणि मोठ्यानं म्हणाला, "तुमी कुरण परत माझ्या हातात दिऊस्तोवर माझ्या वाडीचं एक मेंढरू तारेच्या आत पाऊल टाकणार न्हाई. बिरोबाची आण." आणि मूठ माझ्या पत्र्यावर लावली. मग थाळी साहेबांपुढं केली. "त्यास्नी सांगा, अण्णा. काम थांबलं तर कुरण परत. म्हणावं, उचला."

साहेबांनी इंग्रजीत विचारलं, हे काय आहे?

आणि आता नीट ऐका, कारण तिथं उभ्या असलेल्या इतक्या माणसांत हे दोघांनाच समजलं. तिसरा मी. बंदराबंदरांतून फिरलेला, माझ्या पाठीवरचा नंबरसुद्धा त्याच भाषेतला. शिवशंकरप्पा इंग्रजीत म्हणाले, "हळद आहे साहेब, शुभ असते. मूठभर घेऊन डब्याला लावा. म्हातारा म्हणतोय, तुमचं काम भरभराटीला येवो."

साहेब खूश झाले. त्यांनी मूठ भरली, हसत हसत माझ्या अंगावर थापली, एक शिंक दिली आणि फोटो काढून घेतला. वाडीनं "यळकोट यळकोट" केलं. भीमण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. परमुलखाच्या माणसानं आपल्या देवाला मान दिला असं त्याला वाटलं.

मला तेव्हा तोंड असतं तर! मी पोलादाचा, माझ्यात वीस-वीस टन माल राहतो, पण एक वाक्य मला बाहेर काढता आलं नाही. नुसता उभा राहिलो, अंगावर दोन पिवळे पंजे घेऊन. एक शपथेचा. एक शिंकेचा.

यार्ड उभं राहिलं. खोटं बोलणार नाही, ती वर्षं बरी गेली. माझ्या कुशीत खिडकी पाडून आत टेबल-पंखा लावला आणि मला ऑफिस केलं. खिडकी पाडलेला कंटेनर पुन्हा जहाजावर चढत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, मान मिळाला. बाहेर सिद्धाप्पाची टोळी डबे भरायची. डाळ, साखर, कधी तीळ. पोतं उचलताना तो गोदीतला जुना पुकारा करायचा आणि टोळी ओ द्यायची. बाणूबाई फाटकी पोती शिवायची. शाळेची पोरं बघायला यायची आणि मास्तर त्यांना सांगायचे, बघा, आपल्या मुलखाची डाळ इथून साता समुद्रापार जाते.

कळप मात्र तारेबाहेर. पावसाळ्यात भीमण्णा मेंढरं लांब, खटकचिंचोळीच्या पलीकडच्या माळापर्यंत न्यायचा. काही खुरानं लंगडायची. पण तो कुरकुरला नाही. "पोरांच्या हाताला काम हाय," म्हणायचा. वर्षातून एकदा, बिरोबाच्या दिवशी, तो फाटकाबाहेर बसून ओव्या म्हणायचा. माझा पत्रा त्या आवाजानं आतून घुमायचा. मुंबईपासून रॉटरडॅमच्या बंदरापर्यंतच्या भोंग्यांनी मला जे सांगितलं नाही, ते त्या ओव्यांनी सांगितलं. देव आहे, आणि तो ऐकतो.

मग वारं फिरलं. दोन हजार तीन-चारची गोष्ट. आमचे डबे ज्या जहाजांवर चढायचे, त्या जहाजांच्या मालकांनी न्हावाशेवाला थांबणं कमी केलं आणि ती गुजरातकडं वळली. तिकडं पाणी खोल, तिकडं रांग नाही. आता माल हैदराबादेत गोळा करून आगगाड्या भरून तिकडं नेणं स्वस्त पडायला लागलं. चेन्नईवाल्यांनी दर पाडले, तेव्हा उरलेला माल तिकडं गेला. आमच्या यार्डाला यायच्या लॉऱ्या आठवड्यागणिक घटल्या. एके दिवशी रिकामे डबे नेणाऱ्या लॉऱ्या आल्या, त्या मात्र भरपूर आल्या. सगळे गेले. मी राहिलो, खिडकीमुळं. फाटकाला कुलूप पडलं.

आणि पाऊस झाला. आत गवत आलं.

मित्रांनो, मी समुद्रावरचं वादळ बघितलं आहे. पण तारेच्या आत छातीएवढं वाढलेलं पवना गवत आणि तारेच्या बाहेर त्याच्याकडं बघत उभी राहिलेली मेंढरं, यासारखं भयंकर दृश्य मी बघितलं नाही. ती तारेत तोंड घालायची. नाकाला काटा टोचायचा. रक्त यायचं. पुन्हा घालायची. आत गवत वाढायचं, पिकायचं, वाळायचं, आडवं व्हायचं. कुणासाठी? कुणासाठीच नाही! पुढच्या वर्षी पुन्हा तेच. माझ्या भोवती इतकं अन्न सडताना मी बघितलं आणि माझ्या अंगाला पहिला गंज त्या वर्षी चढला.

सिद्धाप्पा पक्कड घेऊन आला होता. "अप्पा, रात-दिस मेंढरं मरायलेत. एक तार तोडायला किती येळ?"

"कुरण त्येनं माझ्या हातात दिल्यालं न्हाई."

"त्यो पळून गेला, अप्पा! कोण देणार?"

"यील. भंडारा उचललाय त्येनं. भंडारा उचलल्याला माणूस यतोय."

कळप अर्धा झाला, मग पाव झाला. सिद्धाप्पाच्या हाताला काम उरलं नाही. तो डब्यांच्या मागं गुजरातेत गेला, तिथल्या बंदरावर मजुरीला. तिथून फोन करायचा. "बाणू, आपल्या यार्डातलं दोन डबं हितं बगितलं. आपल्या पोत्याच्या सुतळीचा तुकडा अजून एकाच्या फटीत हाय. डबं आलं, मी आलो. आता हे बंदर मागं पडलं की मला कुटं न्हेतेत, देव जाणे."

तीन-चार वर्षांनी नवा साहेब आला, हैदराबादचा. गाडीतून उतरला, फाटक उघडून घेतलं. बाणूबाईनं निरोप दिला तसा भीमण्णा आला, पटका नीट बांधून, काठी टेकत. सिद्धाप्पा त्या वेळी सणाला घरी आलेला होता. शिवशंकरप्पाही आले होते. त्यांना रिकाम्या शेडमध्ये डाळ ठेवायला जागा हवी होती. सगळे माझ्याच सावलीत उभे राहिले.

भीमण्णा दखनी हिंदीत म्हणाला, "साब, काम बंद हो गया. हमारा कुरण वापस देव."

"यार्ड बंद नहीं है, बाबा. थांबवलं आहे," साहेब म्हणाला. त्याला थोडी मराठी येत होती. "बंदरांचं काही सांगता येत नाही. उद्या चेन्नईचा दर वाढला, न्हावाशेवाला नवा धक्का झाला, तर माल पुन्हा इकडून जाईल. तेव्हा जागा कुठून आणायची? कंपनी जागा सोडत नसते."

"तुमच्या आधीच्या साहेबानं भंडारा उचललाय."

"काय उचललं?"

भीमण्णानं माझ्याकडं बोट केलं. पंजे पावसानं कधीच धुऊन गेले होते, पण दाराच्या रबराच्या खाचेत पिवळा रंग अजून होता. तो आजही आहे, बघा. हात लावून बघा.

साहेबाला काही कळेना. त्यानं खिशातला मोबाईल काढला, जुन्या साहेबाला लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा पुढं धरला. शपथेचं विचारलं. पलीकडून मोडक्या हिंदीत हसण्याचा आवाज आला. "शपथ? कैसी शपथ? अरे, वो तो हल्दी था! शिवशंकरप्पा बोला, लकी होता है. मेरे पास अभी भी फोटो है."

फोन बंद झाला. भीमण्णा हळूहळू वळला.

"अण्णा, तुमी काय सांगितलाव त्येला?"

शिवशंकरप्पांची मान खाली. "भीमण्णा, मला वाटलं, यार्ड आलं तर समद्यांचंच भलं. साहेब बिचकला असता. ती कंपनी दुसरीकडं गेली असती. मी तरी कुठं कमावलो? माझी मिल बी आता अर्धी बंद हाय."

"माणसाशी लबाडी केला असताव तर मी सोडून दिलो असतो. तुमी भंडाऱ्याची हळद केलाव, अण्णा."

सिद्धाप्पाचा आवाज फुटला. "मग आता काय राह्यलं, अप्पा? त्येचा शबूदच नव्हता! मी तोडतो तार."

"त्येचा नव्हताच, तर तुटंल काय?" म्हातारा म्हणाला. "त्येनं उचललाच न्हाई. उचलला त्यो मी. माझा शबूद हाय तसाच हाय."

सिद्धाप्पानं हातातली पक्कड माझ्या पत्र्यावर फेकून मारली. हा खळगा बघा, तो तेव्हाचा. मला लागलं नाही. उलट वाटलं, अजून मार. कुणीतरी कुणालातरी मारायलाच हवं होतं.

मला सांगा, हा कुठला न्याय? ज्याला शब्दाचा अर्थ माहीत नव्हता तो सुटला. ज्यानं अर्थ माहीत असून विकला तो सुटला. ज्यांनी जहाजं वळवली त्यांना तर या माळाचं नावही ठाऊक नव्हतं. ते याला स्पर्धा म्हणतात. एक बंदर हरतं, दुसरं जिंकतं, कागदावर रेघ वर-खाली होते. पण हरलेल्या बंदरापाशी निदान समुद्र राहतो. आज नाही उद्या एखादं जहाज चुकून तरी येतं. या वाडीपाशी काय राहिलं? एक तार, आणि तारेच्या बाहेर एक खरा माणूस. सगळ्या व्यवहारात बांधला गेला तो एकटा खरा माणूस!

त्या वर्षीपासून भीमण्णानं भंडारा उधळला नाही. मैलारच्या जत्रेला जायचा, उधळलेल्या भंडाऱ्यानं सगळं आकाश पिवळं व्हायचं, माणसं माणसांना ओळखू यायची नाहीत, आणि हा मधे उभा, हात घोंगडीच्या आत. बाणूबाईनं एकदा विचारलं, "मामा, कामून उधळत न्हाई? देवावर रुसलाव काय?"

"देवावर कशाला रुसू, पोरी. मुठीत एक शबूद अडकलाय. त्यो सुटल्याबिगर मूठ उघडायची न्हाई."

ओव्या मात्र म्हणायचा. फाटकाबाहेर बसून, आवाज पिंजल्यासारखा झाला तरी. मी ऐकायचो. मी एकटाच आत होतो.

दोन वर्षांमागं, पावसाळ्याच्या तोंडाला, तो गेला. जायच्या आधी त्यानं बाणूबाईला जवळ बोलावलं होतं. ते तिनंच पुढं सगळ्यांना सांगितलं. "शबूद माझा हुता. तुमचा न्हाई. मी गेल्यावर तुमी मोकळे." सिद्धाप्पा गुजरातेतून निघाला तो पोचेपर्यंत माती झालेली होती.

तेराव्याला खटकचिंचोळीचे बुवा आले, कीर्तन झालं. फाटकाबाहेरच, भीमण्णा बसायचा त्या जागी. बुवा रडले, मंडळी रडली. मृदंगाच्या थापेनं माझा पत्रा थरथरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाणूबाई उरलेली मेंढरं घेऊन फाटकापाशी आली. हातात उखळाचं लोखंडी मुसळ. मागं वाडीतल्या बाया. सिद्धाप्पा त्यांच्याही मागं.

शिवशंकरप्पा वाटेवर उभे होते, अनवाणी. कीर्तनाला आले होते आणि गेलेच नव्हते. पुढं होऊन म्हणाले, "बाणूबाई, मुसळ मला दे. कुलूप मी फोडतो. एवढं तरी करू दे."

"न्हाई अण्णा," ती म्हणाली. "तुमी ह्या कुलपाला हात लावू नका. तुमी हितंच उभं ऱ्हावा आन बगा."

ते उभे राहिले. उन्हात, डोक्यावर काही न घेता.

तिनं घाव घातला. कुलूप जुनं होतं, पण लगेच तुटलं नाही. प्रत्येक घावाला ती शिव्या देत होती. कंपनीला, साहेबांना, जहाजांना, शिवशंकरप्पांना, मधेच सासऱ्यालासुद्धा. "इतकं खरं कामून वागलाव मामा? कुणी सांगितलं हुतं?" आणि रडत होती. कुलूप निघालं. फाटक ढकललं. मेंढरं मात्र हलेनात! इतकी वर्षं तारेबाहेर राहून त्यांना वाटलं असावं की आत जायचंच नसतं. तेव्हा तिनं सासऱ्याची जुनी पिशवी सोडली, मूठभर भंडारा घेतला आणि पुढच्या मेंढराच्या पाठीवर उधळला.

"जा गं बाय. म्हाताऱ्याची मूठ सुटली. जा."

ती आत आली. आणि मित्रांनो, कित्येक वर्षांनी मी गवत तोडल्याचा तो आवाज ऐकला. टाळ वाजण्याआधी सगळा मंडप शांत होतो, तशी शांतता होती, आणि त्यात फक्त तो आवाज.

कंपनीचं कोणी अजून आलेलं नाही. येतील. बंदरांचं वारं पुन्हा फिरलं की येतील, गाड्या घेऊन, कागद घेऊन. तेव्हा मला कापून भंगारात घातलं तरी चालेल, माझा राग भंगारात जाणार नाही. तोवर तार ठिकठिकाणी वाकली आहे, कोकरं माझ्या पोटात झोपतात, सिद्धाप्पानं माझ्या खिडकीला फळी ठोकली आहे. मला या म्हातारपणी नाव मिळालं आहे. वाडी मला "म्हाताऱ्याचा डबा" म्हणते.

आता माझं मागणं ऐका आणि मग खेळायला जा. तुम्ही मोठे व्हाल, काही जण साहेब व्हाल, काही जण दोन भाषांच्या मधे उभे राहून दुसऱ्याचा शब्द इकडचा तिकडं न्याल. तो शब्द नेताना सांडू नका, बदलू नका. समोरचा माणूस त्यावर आपलं सगळं ठेवून बसलेला असतो.

आणि पुढच्या जत्रेत मैलारला जाल, हजारो हात वर होतील, भंडाऱ्यानं तुमचे डोळे भरतील, तेव्हा त्या गर्दीत घोंगडीच्या आत हात धरून उभा राहिलेला एक म्हातारा होता, हे विसरू नका. उधळण्याआधी मूठ क्षणभर थांबवा. भीमण्णाला आठवा. मग उघडा.